सीताफळाचं गाणं

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार, दुपारी

प्रिय विशू,

हे पत्र तुझ्या निळ्या कुर्त्याच्या घडीत ठेवते आहे. पार्सलमधे वर शेंगदाण्याची चटणी आहे, ज्येष्ठमधाच्या काड्या आहेत आणि तू मागितलेली सुती ओढणी आहे. तुमच्या गाण्याच्या कार्यक्रमाची माणसं पार्सल उघडून बघतात, पण कपड्यांच्या घड्या उलगडत नाहीत, असं तुमच्या तिथल्या मोनिकाच बोलता बोलता म्हणाली होती. मी ते लक्षात ठेवीन, हे तिला काय ठाऊक. एकटी असशील तेव्हा वाच. खोलीत ती दुसरी मुलगी असेल तर बाथरूमची कडी लावून वाच. तुझा फोन त्यांनी काढून घेतलाय आणि आपल्या वाट्याला येतात ती आठवड्यातली दहा मिनिटंसुद्धा कॅमेऱ्यासमोर. म्हणून गेल्या रविवारी तू विचारलंस, आई तुझा आवाज असा का येतोय, तेव्हा मी घसा बसलाय म्हटलं. घसा चांगला होता. पप्पांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. त्यांनाही मी सगळं सांगितलेलं नाही.

आता अडीच वाजलेत. चार वाजता कुरिअरवाला येईल, पाचला क्लासची मुलं. तेवढ्या वेळात मला हे लिहून संपवायचं आहे. येत्या रविवारच्या चित्रीकरणात तुझ्यासमोर एक गोष्ट येणार आहे आणि ती येईल तेव्हा एक कॅमेरा फक्त तुझ्या चेहऱ्यावर असेल. त्याआधी ती तुला माझ्याकडून कळायला हवी, पूर्ण कळायला हवी.

पहिल्या भागात परीक्षकांनी तुला विचारलं होतं, गाणं कुणाकडून आलं. तू म्हणालीस, माझी आई लहानपणी टीव्हीवर गायली होती, सीताफळाचं गाणं, तेच मी पाळण्यात ऐकलं. इतकं सहज बोललीस तू. इथं आपल्या हॉलमधे पप्पांच्या ऑफिसातले लोक जमले होते, सगळे माझ्याकडं वळून हसले, आणि मी पोहे आणायच्या निमित्तानं आत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही. त्या तुझ्या एका वाक्यावरून मोनिका कामाला लागली. तुम्हा स्पर्धकांच्या घरच्यांचे जुने फोटो, जुन्या गोष्टी शोधून काढणं हेच तिचं काम. तिनं कुठून कुठून चौकशी केली आणि दोन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला, ताई, सापडलं. जालन्याच्या कुणा हौशी माणसानं तेव्हा घरच्या व्हिडिओ कॅसेटवर टीव्हीवरचे मुलांचे कार्यक्रम टिपून ठेवले होते आणि आता त्याच्या मुलानं ते सगळे इंटरनेटवर चढवले आहेत. 'चिंचोके' नावाचा आमचा तो कार्यक्रमही त्यात आहे. मोनिकाचा बेत असा, की तू स्टेजवर असताना मागच्या मोठ्या पडद्यावर अकरा वर्षांची मी गायला लागेन, तू चकित होशील आणि मी दारातून तेच गाणं गात आत येईन. विशाखाला अजिबात कळू द्यायचं नाही हं ताई, असं तिनं तीनदा बजावलं.

मी ते छत्तीस वर्षांत पुन्हा पाहिलं नव्हतं. पाहता येईल असं कधी वाटलंही नव्हतं.  चित्राचे रंग विटलेत, खालच्या कडेला पांढऱ्या रेघा सारख्या सरकतात. आधी एक मुलगा जलतरंग वाजवतो, त्याच्या वाट्या त्याच्यापेक्षा मोठ्या दिसतात. मग कापडावर रंगवलेला दौलताबादचा किल्ला, पुठ्ठ्याची झाडं, आणि लाल रिबिनींच्या पाच मुली. मधली मी. 'सीताफळानं उघडले डोळे, कुणाला बघतंय गं', आणि तो आवाज, विशू. अकरा वर्षांच्या मुलीचा, स्वच्छ, ओढ्याच्या पाण्यासारखा, कुठं जोर नाही, कुठं लाडिकपणा नाही. खाली लोकांनी लिहिलंय, आमचं बालपण परत आलं, ही मुलगी आता कुठं असेल. मी मात्र त्या मधल्या मुलीच्या नजरेकडं बघत होते. ती सारखी कॅमेऱ्याच्या उजवीकडं बघते. लाजतेय असं वाटेल कुणाला. तिथं कोपऱ्यात मेघा बसली होती. दोन्ही गालांना हळद-चुन्याचा लेप, डोक्यावरून स्कार्फ बांधलेला. मी श्वास कुठं घ्यायचा, ते ती बोट वर करून मला दाखवत होती. तो आवाज माझा नाही. मेघाचा आहे.

मेघा बन्सी साळवे. सहावीत माझ्या वर्गात होती. तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपमधे मेकॅनिक, घर भीमनगरमधे. आमच्या धारूरकर बाईंनी ते सीताफळाचं गाणं स्वतः लिहून चाल लावली होती आणि मेघाचा आवाज ऐकून ते मुंबईच्या टीव्ही केंद्राला पाठवलं होतं. बोलावणं आलं ते तिच्या आवाजामुळं, आम्ही पाच जणी मागं गुंजारव करायला. तेव्हा पद्धत अशी होती की पहिल्या दिवशी नुसतं गाणं ध्वनिमुद्रित करायचं आणि दुसऱ्या दिवशी ते लावून त्याच्यावर ओठ हलवायचे, म्हणजे चित्र घेताना कुणी चुकलं तरी गाणं बिघडत नाही. पहिल्या दिवशी मेघा गायली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या हॉलमधे ती उठली तर गालगुंड. तोंड असं सुजलं होतं की डोळे बारीक झालेले. बाईंनी क्षणभर डोकं धरलं, मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, मंजुषा, तुला शब्द पाठ आहेत, तू मधे उभी राहा. स्टुडिओत शिरताना एक माणूस कागदावर डावीकडून कोण कुठं उभं आहे ते लिहून घेत होता. मधे मंजुषा निकम, असं त्यानं लिहिलं. मेघा कोपऱ्यात बसलेली होती, तिचं नाव त्या कागदावर आलंच नाही.

इथपर्यंत कुणाचीच चूक नाही. आजाराची म्हण हवं तर. मी तुला एवढंच सांगितलं असतं तरी तू म्हणाली असतीस, अगं आई, एवढंच ना. आणि खरं सांगते, मोनिकाच्या फोननंतर तीन दिवस मी हेच स्वतःला समजावत होते. म्हणत होते, जाऊ, गाऊ, हसू, परत येऊ, एवढ्या वर्षांनी कोण विचारतंय. चौथ्या दिवशी त्या व्हिडिओखाली एक नवी ओळ दिसली. दुसऱ्या कडव्याला आवाज जरा अडकतो, ऐका, तेव्हा घसा सुजायला लागला होता. लिहिणारीचं नाव, मेघा साळवे, पाचोड. बाकी काही नाही. ना राग, ना तक्रार. मी ते कडवं लावून पाहिलं. खरंच अडकतो, अगदी केसाएवढा. ते सांगू शकणारं माणूस जगात एकच. त्या दिवशी क्लासच्या मुलांना मी सारेगम म्हणायला लावलं आणि स्वतः तोंड उघडलं नाही.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला छत्तीस वर्षं लागली. आम्ही मुंबईहून परतल्यावर पंधरवड्यानं केंद्राचं पत्र शाळेत आलं. प्रसारणाची तारीख होती आणि शेवटी पडद्यावर दाखवायची नावं होती, काही दुरुस्ती असल्यास उलट टपाली कळवावे. त्यात गायिका म्हणून माझं नाव होतं. बाईंनी त्याच दुपारी स्टाफरूममधे बसून उत्तर लिहिलं, पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि माझ्या हातात दिलं. औरंगपुऱ्यातली टपालपेटी माझ्या घराच्या वाटेवर होती म्हणून. मी वर्गाची मॉनिटर होते म्हणून. माझ्यावर विश्वास होता म्हणून. तोवर मी घरी सांगून बसले होते की टीव्हीवर मी गाणार आहे. मी दिसणार आहे, असं म्हणायचं ते गाणार आहे असं तोंडातून गेलं, आणि बाबांनी वैजापूरला काका-आत्यांना कळवलं, सगळे प्रसारणाच्या दिवशी येणार होते. मी टपालपेटीपाशी गेले. पाकीट अर्धं आत घातलं, आणि बाहेर काढलं. विशू, कुणी मला भरीला घातलं नव्हतं. मी बराच वेळ तिथं उभी होते, म्हणजे घाईत झालं असंही म्हणता येत नाही. मग ते भूगोलाच्या पुस्तकात ठेवून घरी आले.

प्रसारणाला आमच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी नाव आलं तेव्हा बाबांनी मला उचलून घेतलं. तिकडं भीमनगरमधे मेघाच्या वडिलांनी, बन्सीकाकांनी, शेजाऱ्याचा टीव्ही अंगणात काढायला लावला होता आणि सगळी गल्ली गोळा केली होती. मुलगी पडद्यावर दिसणार नाही हे त्यांना माहीत होतं. ते नावाची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते वर्कशॉपच्या कपड्यांतच शाळेत आले. हाताला ग्रीस होतं, म्हणून ते खुर्चीला हात न लावता उभेच राहिले. बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. बाई त्यांना सांगत होत्या, मी त्याच दिवशी पत्र लिहिलं होतं, आणि मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, टाकलंस ना गं पेटीत? मेघा माझ्याकडंच बघत होती. मी म्हणाले, "टाकलं, बाई."

बन्सीकाका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, लिहिलं असतं तर पोचलं असतं. आमची नावं अशीच गळतेत." बाईंचा चेहरा पांढरा पडला. मग ते मेघाला म्हणाले, चल, आणि दाराशी थांबून म्हणाले, "जिथं नाव लिहीत नाहीत तिथं गायचं नाय." त्यानंतर मेघा गाण्याच्या तासाला आली नाही. शाळेच्या गॅदरिंगला नाही, कुठंच नाही. पुढच्या वर्षी तिनं शाळा बदलली. बाईंनी मेघाच्या जागेवर मला शिकवायला घेतलं. माझ्यात जे काही गाणं आलं ते तिथून आलं. नंतरची परीक्षा, क्लास, दारावरची पाटी, तू चार वर्षांची असताना पेटीपाशी येऊन बसलीस ते. तुझं गाणं तुझं आहे, त्यावर माझी सावली पडू देऊ नकोस. पण मी ज्या जागेवर बसून तुला शिकवलं, ती जागा कशी रिकामी झाली हे तुला ठाऊक असायला हवं.

ते पाकीट मी फाडलं नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही. आपल्या जुन्या पेटीच्या खोक्यात तळाशी जो पुठ्ठा आहे, त्याच्या खाली ते इतकी वर्षं होतं, न उघडलेलं. गेल्या गुरुवारी ते पर्समधे घालून मी पाचोडची एसटी धरली. पप्पांना सांगितलं, शाळेतल्या मैत्रिणीला भेटायला जाते. आडूळच्या पुढं रस्त्याकडेला मोसंबीच्या गाड्या भरत होत्या आणि मी प्रत्येक स्टॉपवर उतरून परत फिरायचा विचार करत होते.

स्टँडवर विचारलं तर कळलं, मेघा तिथं सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. लसीकरणाचा दिवस होता, बायका लेकरं घेऊन रांगेत बसलेल्या. तिनं मला दारातच ओळखलं. केस पांढरे झालेत, चष्मा आहे, पण बघण्याची पद्धत तीच. "आलीस व्हय मंजे," म्हणाली, "मला वाटलं तिकडं व्हिडिओखालीच अंगठा दाबून गप बसशील." आणि बाकाकडं बोट दाखवून पुन्हा सुई भरायला लागली. मी दीड तास बसले. एका आईला ती म्हणत होती, तू डोळे मिटू नको, टोचायचंय लेकराला, तुला नाय. सुई टोचताना लेकरांसाठी काहीतरी गुणगुणत होती. शेवटचं लेकरू गेल्यावर हात धुऊन ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, बोल.

मी पर्स उघडली. पाकीट काढून तिच्या हातात दिलं. तिनं आधी अक्षर पाहिलं, बाईंचं तिरपं अक्षर तिनं लगेच ओळखलं. मग तिकीट पाहिलं, त्यावर शिक्का नाही ते पाहिलं. मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. तिनं कात्रीनं पाकीट कडेनं कापलं आणि आतलं वाचलं आणि माझ्याकडं सरकवलं. बाईंनी लिहिलं होतं, गाणं कुमारी मेघा बन्सी साळवे हिनं गायलेलं आहे, गायिका म्हणून तिचं एकटीचं नाव यावं, आणि अशा आवाजाच्या मुलीला आपण पुन्हा अवश्य बोलवावं. मेघा चष्मा पुसत बसली. बाहेर कुणाचं तरी मूल अजून रडत होतं. मग ती म्हणाली, मला वाटायचं बाईंनीच लिहिलं नाही. चांगली होती बाई, पण भ्याली असंल, असं मी धरून चालले. तुझ्यावर कधी गेलंच नाही मन. तूच तेवढी मला ताक आणून द्यायचीस मुंबईत, गिळता येत नव्हतं तर.

मी रडायला लागले तर तिनं ते चालू दिलं नाही. इथं पेशंट येतात, म्हणाली. मी तिला सांगितलं की रविवारी मी सगळ्यांसमोर सगळं सांगणार आहे, गाण्याचंही आणि पत्राचंही. तिनं मान हलवली. "नाव लाव माझं," म्हणाली, "मेघा बन्सी साळवे, अण्णांचं नाव मधे आलं पाहिजे. पत्राचं मात्र तोंडातून काढायचं नाय." मी का विचारलं. ती म्हणाली, अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत. माझं गाणं त्यांनी बंद केलं ते मुंबईवाल्यांच्या रागानं, आणि तो राग खरा होता असं धरून ते जगले. मला कमी का ओरडले ते, मी चोरून गुणगुणले तर. आता त्यांना कळलं की मुंबईवाल्यांनी काही केलंच नव्हतं, पत्र एका पोरीच्या दप्तरात होतं, तर पोरीचं गाणं कुणी मारलं, याचं उत्तर त्यांच्याकडं एकच उरतं, ते स्वतः. "तुला हलकं व्हायचंय," ती म्हणाली, "म्हणून त्यांच्यावर नको टाकू." मी म्हटलं, आणि तुझं काय, मेघा. माझं मी बघीन, म्हणाली, आणि पाकीट ॲप्रनच्या खिशात घातलं.

मग मला घरी घेऊन गेली. दवाखान्याच्या मागंच दोन खोल्या आहेत. बन्सीकाका ओसरीवर पलंगावर बसून टीव्ही बघत होते. मेघानं माझं नाव सांगितलं, निकमांची मंजुषा, शाळेतली. त्यांनी आवाज बारीक केला आणि माझ्याकडं टक लावून बघितलं. "हिचंच नाव आलं व्हतं," म्हणाले. मेघा म्हणाली, होय, तीच, आता टीव्हीवर तुमच्या लेकीचं नाव सांगायला निघालीय. ते हसले, दात नाहीत, पण छान हसले. म्हणाले, छत्तीस वर्षांनी जाग आली व्हय मुंबईला. मग मी खाली मान घालून बसलेली बघून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी काय चूक गं पोरी. लेकरू व्हतीस तू. लिहिणाऱ्यानं लिहिलं." तो हात माझ्या डोक्यावर होता तेवढा वेळ मी श्वास घेतला नाही. समोर मेघा उभी होती, चहाचे कप घेऊन, आणि माझ्याकडं बघत होती.

तेवढ्यावर भागलं नाही. ते म्हणाले, ती बाई मात्र खोटं बोलली, पत्र लिहिलं म्हणली, साफ खोटं. बाईंना जाऊन बारा वर्षं झाली, विशू. त्यांच्यासाठी तोंड उघडायला जगात मी एकटी उरले होते आणि मला तोंड उघडायची बंदी होती. मेघाच म्हणाली, "खोटं नाय, अण्णा. बाईंनी लिहिलं व्हतं. पोचलं नाय." कोण म्हणतं, त्यांनी विचारलं. ही म्हणते, मेघा म्हणाली. ते माझ्याकडं वळले. "पोष्टात गहाळ झालं?" मी मान डोलावली. अकरा वर्षांची असताना जे बोलले तेच मी पुन्हा बोलले, या वेळी न बोलता.  ते म्हणाले, मंग त्या बाईला मी उगंच बोललो. बाई आहेत का, विचारलं, नाहीत कळल्यावर रिमोट हातात घेऊन नुसता फिरवत बसले.  मेघानं त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. बघ, असं ते बघणं होतं. एवढ्याशानं त्यांचं हे होतं, तर सगळं कळल्यावर काय होईल. मला तेव्हा कळलं, ती मला काय सांगत होती.

निघताना त्यांनीच विचारलं, टीव्हीवर निघालीस म्हणतेस, मग त्या गाण्याच्या कार्यक्रमात आपल्याकडची एक पोरगी आहे, ती तुझी कोण. माझी मुलगी म्हटल्यावर ते खूश झाले. दर आठवड्याला तुला बघतात ते. "आवाज सरळ हाय तिचा," म्हणाले, "नखरा नाय." रविवारचं चित्रीकरण ज्या दिवशी दाखवतील त्या दिवशी ते टीव्हीसमोर असतील. मेघाला मी म्हटलं, तू चल मुंबईला. ती नाही म्हणाली. तिची ड्यूटी आहे आणि टीव्हीवाले माणसाला रडवल्याशिवाय सोडत नाहीत, असं तिचं म्हणणं.

ते खोटं नाही. परत आल्यावर मी मोनिकाला फोन केला आणि गाणं मेघानं गायलंय एवढंच सांगितलं. म्हटलं, मी येत नाही, तुम्ही फक्त नाव बदलून दाखवा. मोनिकाचा आवाजच बदलला. ताई, हे तर आणखी भारी आहे. तुम्ही आला नाहीत तर ती चित्रफीत जशी आहे तशीच, तुमच्याच नावानं लागेल, निर्णय माझ्या हातात नाही. आलात तर तुम्ही स्वतः ती थांबवा आणि सगळ्यांसमोर खरं सांगा. काल तिनं मला सगळं वाचून दाखवलं. मी कुठं थांबायचं, बासरी कुठं सुरू होणार, सूत्रसंचालक काय म्हणणार. एवढ्या वर्षांनी खरं बोलायला किती मोठं मन लागतं, असं त्याचं वाक्य आहे. मग परीक्षक उभे राहतील. मग तुला माझ्याकडं धावत यायला सांगतील. मी म्हटलं, ते वाक्य काढा. ती म्हणाली, ताई, तुम्ही फारच साध्या आहात.

म्हणून लिहिते आहे, विशू. मी येणार आहे, कारण मेघाचं नाव तिच्या वडिलांच्या नावासकट त्या ओसरीवर ऐकू जायला हवं आणि त्याला दुसरा रस्ता मला उरलेला नाही. आवाज माझा नव्हता एवढंच मी सांगेन. बाकीचं गिळून टाकेन, ते मेघानं मागितलंय आणि नाही म्हणायचा हक्क मला नाही. लोकांना वाटेल, काय खरी बाई आहे. सगळा स्टुडिओ टाळ्या वाजवेल, आणि तुला यातलं काही माहीत नसतं तर तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, तू येऊन मला मिठी मारली असतीस आणि आयुष्यभर सांगत फिरली असतीस की माझी आई अशी आहे. बाकी सगळ्यांचं मी निभावून नेईन, बन्सीकाकांचा हातसुद्धा मी डोक्यावर झेललाच. पण तुझा अभिमान मला त्या खोट्यावर घेता येणार नाही. हे वाचून फाडून टाक. पप्पांना मी आल्यावर सांगेन, ते माझं काम आहे, तुझं नाही. रविवारी तुला धावत यायला सांगतील तेव्हा ये, सगळ्यांसमोर तुला उभं राहता येणार नाही, ते मला समजतं. टाळ्याही वाजव, त्या मेघामावशीच्या आहेत. फक्त मला मिठी मारताना माझ्या कानात, तू किती चांगली आहेस, असं काही म्हणू नकोस. काहीच म्हणू नकोस. त्यानंतर तुझं गाणं आहे, ते नीट गा.

तुझीच,
आई